तुमचे प्रश्न : अंगणात सोडून दिलेली गाडी

प्रश्न : लोकमान्य नगरात आमचं जुनं घर आहे. भाडेकरू दोन वर्षांपूर्वी खोली सोडून गेला, व्हॅन मात्र मागच्या अंगणातच. टायर बसलेत, सीटमध्ये उंदरांनी घर केलंय. तो फोन उचलत नाही. कबाडी 15 हजार देतो म्हणतो. विकून टाकू का? – एक वाचक, इंदूर

उत्तर : विकू नका. अंगण तुमचं आहे, व्हॅन नाही, आणि दोन वर्षं पडून राहिली म्हणून ती तुमची होत नाही. विकलीत तर भाडेकरू उद्या उगवून भारतीय न्याय संहितेच्या कलम 314 खाली, म्हणजे दुसऱ्याची वस्तू अप्रामाणिकपणे आपलीशी केल्याची, तक्रार देऊ शकतो. नोंदणीकृत स्क्रॅप केंद्र मालकाच्या कागदांशिवाय गाडी घेत नाही. कबाडी घेतो, कारण त्याला कागद नकोच असतात.

कुणीतरी करार कायद्याचं कलम 169 सांगेल : मालक शोधूनही मिळाला नाही आणि रास्त खर्च किमतीच्या दोन-तृतीयांशावर गेला तर विकता येतं. पण ते सापडलेल्या वस्तूबद्दल आहे. तुमची व्हॅन कुणी ठेवली हे तुम्हाला माहीत आहे.

आधी एमपरिवहन अ‍ॅपवर नंबर टाका. मालकाचं नाव अधलीमधली अक्षरं झाकून येतं, पत्ता येत नाही. तरी दिसणारी अक्षरं भाडेकरूच्या नावाशी जुळतात का ते कळतं. जुळत नसतील तर त्यानं गाडी घेतली पण नावावर केली नाही, असं असू शकतं. गाडी चोरीची तर नाही ना, हे एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद ब्युरो) 'वाहन समन्वय' सेवेत पाहून घ्या. कुलूप तोडू नका, आतलं सामान हलवू नका. नंबर प्लेट, टायर, काचा यांचे तारखेसह फोटो काढा.

मग 30 दिवसांची नोटीस, स्पीड पोस्टानं, पोच मागून. भाडेकराराच्या कागदावर असलेला मूळ गावचा पत्ता घाला. गाडीच्या आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्र) कर्जाची नोंद दिसली तर फायनान्स कंपनीलाही पाठवा. पाकीट 'घेण्यास नकार' शेरा मारून परत आलं तर ते फोडू नका. बंद पाकीटच कोर्टात कामाला येतं.

यानंतर थाना. पोलीस कायदा 1861 च्या कलम 25 नुसार बेवारस मालाचा ताबा घेणं पोलिसांचं काम आहे, पण इथेच लोक चुकतात. भाडेकरूचं नाव माहीत असताना आवेदनात 'लावारिस' लिहिलं की ते खोटं ठरतं. सगळं खरं लिहा, हिंदीत लिहा, आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का घेतल्याशिवाय उठू नका. 'दिवाणी मामला आहे' असं उत्तर मिळण्याची शक्यता बरीच आहे. मग दिवाणी कोर्टात विशिष्ट अनुतोष कायदा 1963 च्या कलम 39 खाली गाडी हटवण्याचा आदेश मागायचा. वेळखाऊ आहे, पण कबाड्याच्या 15 हजारांपेक्षा सुरक्षित.

रात्री गाडी गल्लीत ढकलायचा विचार तर करूच नका. मोटार वाहन कायद्याचं कलम 127 सार्वजनिक जागेत 10 तास किंवा जास्त सोडलेली गाडी उचलायची मुभा पोलिसांना देतं खरं, पण रस्ता अडवल्याचं न्याय संहितेचं कलम 285 ढकलणाऱ्यालाच लागेल.

प्रश्न : बायपासजवळच्या आमच्या रिकाम्या प्लॉटवर रात्री ट्रॉली येऊन मलबा टाकून जाते. नगर निगमची नोटीस मात्र मला! – दुसरे वाचक, इंदूर

उत्तर : जागा तुमच्या नावावर, म्हणून नोटीसही तुमच्या नावावर. चिडून गप्प बसलात तर दंड कायम होतो. मुदतीत लेखी उत्तर द्या आणि सोबत निगमच्या 311 अ‍ॅपवरच्या जुन्या तक्रारींचे क्रमांक जोडा. एकही तक्रार नसेल तर आजच करा.

उचलण्याआधी ढीग मोजा. 20 बाय 15 फूट आणि सरासरी 2 फूट उंच म्हणजे 600 घनफूट, सहा ब्रास. हा आकडा फोटोसह ठेवलात तर पुढे खर्च किती वसूल करायचा हे सांगता येतं. कुणाकडून, ते कळायला मलब्यात नीट बघा : टाइल्सच्या खोक्यावर दुकानाचं लेबल, सिमेंटच्या गोणीत अडकलेलं बिल. ट्रॉलीचा नंबर मिळाला तर उत्तमच. सुया, औषधाच्या बाटल्या किंवा केमिकलचे ड्रम दिसले तर हात लावू नका, आणि पेटवणं तर नाहीच. ती तक्रार वेगळी, प्रदूषण मंडळाकडे जाते.

कुंपणाला तारा ओढा, पण ट्रॉली शिरते त्या तोंडाशी आधी दोन आरसीसी पोल रोवा. तारा कापता येतात.