भाड्याने द्यायला पहिला फ्लॅट घेतोय, भाड्यातून हप्ता निघेल का?

तुम्ही दोघं नोकरी करता, हातात १२ लाख आहेत, पुण्यात ४५ लाखांचा वन बीएचके भाड्याने द्यायला घ्यायचाय आणि एजंट म्हणतोय की भाड्यातूनच हप्ता निघेल. नाही निघणार. आम्हीही २०१९ साली हेच ऐकून वडगाव बुद्रुकला रीसेलचा फ्लॅट घेतला होता, म्हणून आधीच सांगते.

तुमचाच हिशोब मांडू. ४५ लाखांवर ८० टक्के कर्ज म्हणजे ३६ लाख. व्याज साडेआठ टक्के आणि मुदत २० वर्षं धरली तर हप्ता ३१ हजारांच्या थोडा वर जातो. अशा फ्लॅटला भाडं १५ हजार आलं असं धरा, म्हणजे वर्षाला १ लाख ८० हजार. त्यातून मेंटेनन्स महिना अडीच हजार प्रमाणे ३० हजार गेले. घरपट्टी ९ हजार धरा (स्वतः राहणाऱ्याला महापालिका ४० टक्के सवलत देते, भाड्याने दिलं की ती जाते). एक भाडेकरू जाऊन दुसरा येईपर्यंत महिनाभर घर रिकामं, ते १५ हजार. नळ, गीझर, रंगाचे ६ हजार. उरले १ लाख २० हजार, म्हणजे महिन्याला १० हजार. बाकीचे २१ हजार तुमच्या पगारातून, दर महिन्याला. ते देता येत असतील तर पुढे वाचा.

आमच्याकडे इंजिनिअरिंगची तीन मुलं राहायची. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला, मुलं गावी गेली आणि फ्लॅट आठ महिने रिकामा राहिला. बँकेने ऑगस्टपर्यंत हप्ता पुढे ढकलायची सोय दिली होती, पण व्याज काही थांबलं नव्हतं. त्यात माझा पगार निम्म्यावर आला. मुलांपैकी एकाचे वडील सामान न्यायला आले तेव्हा मी कुलूप उघडलं. भिंतीवरच्या कॅलेंडरचं मार्चचंच पान, ओट्यावर पोह्यांचा डबा, आत जाळी धरलेली. ते काका सारखे म्हणत होते, ताई, भाडं थकलं, माफ करा. मी त्यांना डिपॉझिट पूर्ण परत दिलं, आणि घरी आल्यावर आम्ही दोघांनी पहिल्यांदा पैशांवरून कडाक्याचं भांडण केलं. म्हणून कळकळीने सांगते, सहा हप्त्यांचे पैसे वेगळे काढल्याशिवाय टोकन देऊ नका.

आता तुमचे १२ लाख बघा. डाउन पेमेंट ९ लाख. पुण्यात सध्या मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ३ लाख १५ हजार. नोंदणी फी ३० हजार. यासाठी बँक कर्ज देत नाही, खिशातूनच भरायचं. इथेच १२ लाख ओलांडले, एजंट आणि वकील अजून बाकीच आहेत. फ्लॅट फक्त बायकोच्या नावावर घेतला तर शुल्कात एक टक्का वाचतो, पण दोघांची नावं लागली की ती सवलत नाही. माझं मत विचाराल तर ४५ चा सोडा आणि ३५ लाखांपर्यंतचा शोधा. ७ लाख डाउन पेमेंट, शुल्क, नोंदणी आणि एजंट धरून १० लाखांच्या थोडे वर जातील, हप्ता २४ हजारांच्या आसपास बसेल आणि सहा हप्त्यांचे दीड लाखही बाजूला राहतील.

इन्कम टॅक्सचं गाजर कुणी दाखवलं तर एवढं विचारा: कुठली पद्धत धरून? नव्या कर पद्धतीत भाड्याच्या उत्पन्नातून व्याज वजा होतं, पण तोटा झाला तर तो पगारातून वळता करता येत नाही. जुन्या पद्धतीत २ लाखांपर्यंत येतो.

फ्लॅट बघायला एजंटबरोबर एकदा गेलात तरी दुसऱ्यांदा दोघंच जा, सकाळी सातला. वॉचमनला विचारा टँकर किती येतात. लिफ्टजवळचा नोटीस बोर्ड वाचा, थकबाकीदारांची यादी लांबलचक असेल तर सोसायटीचे हाल कळतात. बॅचलरना देतात का, हे सेक्रेटरींना तोंडावर विचारा. भाडेकरू ठेवल्याबद्दल सोसायटी जे जादा शुल्क घेते ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, २००१ चा शासन निर्णय आहे. आमच्याकडे महिना हजार रुपये मागत होते, तो कागद दाखवल्यावर दोनशेवर आले.

कागदांत भोगवटा प्रमाणपत्र, इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयातला व्यवहाराचा उतारा), आधीच्या सगळ्या करारनाम्यांची साखळी, शेअर सर्टिफिकेट आणि मालकाचं कर्ज फिटल्याचं पत्र. ३० वर्षांचा सर्च, म्हणजे मालकी आणि बोजा यांच्या नोंदींची तपासणी, वकिलाकडून घ्या. बँकेने घेतला तो बँकेसाठी असतो.

भाडेकरार अकरा महिन्यांचा असला की नोंदवावा लागत नाही, हा समज चुकीचा आहे. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदवलेलाच हवा, आणि जबाबदारी मालकाची. नोंदवला नाही आणि उद्या वाद झाला तर भाडेकरू सांगेल त्याच अटी धरल्या जातात, उलटं सिद्ध करणं तुमच्याकडे येतं. आता घरी येऊन अंगठा घेतात, अर्ध्या तासाचं काम. भाडेकरूची माहिती पोलिसांकडे ऑनलाइन त्याच दिवशी भरून टाका.

बँकेकडून हप्त्याचा आकडा आणि सोसायटीचा मेंटेनन्स कळला की इथेच कळवा, तुमच्या आकड्यांवर वरचा हिशोब मी पुन्हा करून देते.