“कमी काय होतं मला?”

“मॅडम, खरं तर तक्रार करायला तोंडच नाही मला. कमी काय होतं घरात?”

पैशाअडक्याच्या घरातलं कुणी समुपदेशनासाठी माझ्यासमोर बसलं की पहिल्या दहा मिनिटांत हे वाक्य येतंच. म्हणून असं म्हणणाऱ्या एका मुलीबद्दल लिहिते. (ओळख पटेल असं सगळं बदललंय.)

वय २६. बंगल्यात लिफ्ट, दोन स्वयंपाकी आणि १४ वर्षं एकमेकांशी न बोललेले आईवडील. झोप लागत नाही म्हणून आली होती. घराबद्दल विचारलं की, “तसे आईबाबा चांगलेच आहेत हो.” पाच भेटी यातच गेल्या.

सहाव्या भेटीत सहज विचारलं, “मग घर चालतं कसं?”

“माझ्यामार्फत. आई म्हणायची, सांग तुझ्या बापाला, लग्नात एकटाच मिरव म्हणावं.”

“आणि तू तसंच सांगायचीस?”

ती हसली. “छे! ‘आईचं डोकं दुखतंय, तुम्ही जाऊन या.’” हसू तसंच राहिलं आणि डोळे भरले. “बारा वर्षांची होते मी.”

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पाच भेटी ती मलाही निरोप गोड करूनच देत होती! तसं सांगितल्यावर ती बराच वेळ रडली. त्या आठवड्यात दोन रात्री सलग झोपली.

दोघांतला ताण सोसेनासा झाला की तिसऱ्याला मध्ये ओढलं जातं, हे अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ मरे बोवेनचं म्हणणं मला दर महिन्याला पटतं. श्रीमंत घरात ते झाकलं जातं इतकंच. दोन खोल्यांच्या घरात अबोला १४ वर्षं टिकवून दाखवा! मानसशास्त्रज्ञ सुनिया लूथर यांच्या १९९९च्या अभ्यासात अमेरिकेतल्या गरीब शहरी वस्त्यांपेक्षा सधन उपनगरांतल्या दहावीच्या मुलांमध्ये चिंता आणि नशा जास्त आढळली होती.

तेव्हा ‘कमी काय होतं’ हे सोडा. ‘त्या घरात माझ्याकडे काम कोणतं होतं’ ते शोधा. कुणी निरोप्या असतो, कुणी विदूषक, कुणी पहिला नंबर आणून घराची अब्रू झाकणारा. निरोप आला की “तुम्हीच सांगा” म्हणायचं आणि खोलीबाहेर पडायचं. खुलासे देत बसायचं नाही. “तुझ्यासाठी एवढं केलं” ऐकावं लागेल, कार्ड बंद करायची धमकी येईल. म्हणून आपल्या पगाराचं वेगळं खातं आधी उघडा. मारहाण होत असेल तर मात्र हे प्रयोग नकोत, आधी सुरक्षित जागा.

लक्ष्मीपूजनाला तिची आई तिला म्हणाली, “बाबांना सांग, पाटावर बसा.”

“आई, ते समोरच उभे आहेत.”

“मग?” मी विचारलं.

“पूजा वीस मिनिटं उशिरा झाली.”