शिट्टीनंतरचे हात
अरे बास्केटबॉलचा रेफरी म्हणून पहिल्या मॅचला सगळेच गोंधळतात, टेन्शन नको घेऊस. शिट्टी एकदाच पण जोरात, आणि त्याच क्षणी हात सरळ वर, फाउल असेल तर मूठ, व्हायोलेशन (म्हणजे ट्रॅव्हलिंगसारखा, फाउल नसलेला नियमभंग) असेल तर उघडा पंजा, कारण टाइमकीपर ते बघूनच घड्याळ थांबवतो. मग फाउल असेल तर स्कोररच्या टेबलला नीट दिसशील असा जाऊन थांब, फाउल करणाऱ्या खेळाडूचा नंबर पळत पळत दाखवू नकोस (मी हेच करायचो आणि स्कोररच्या शिव्या खायचो). क्रम ठरलेला, आधी नंबर, मग फाउल कसला, मग फ्री थ्रो किती किंवा बॉल कुठल्या दिशेला. फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) नियमांत २४ नंबर म्हणजे आधी हाताची मागची बाजू टेबलकडे करून २, मग तळहात टेबलकडे करून ४, आणि तोंडाने पण बोल. घरी आरशासमोर कर, बायको हसेल, हसू दे.