आईवडिलांना पहिल्यांदा युरोपला न्यायचे आहे. टूर कंपनीबरोबर पाठवावे की स्वतः आखून न्यावे?

आपण प्रश्नात लिहिले आहे की आपले आईवडील सत्तरीच्या घरात आहेत, दोघेही चालते-फिरते आहेत, आणि आपल्या भावाचे म्हणणे आहे की 'या वयात टूरच बरी, त्यांना एकट्याने काही जमायचे नाही'. हेच वाक्य आमच्या घरी २०१६ साली माझ्या दादाने उच्चारले होते, म्हणून हे उत्तर लिहिण्यावाचून मला राहवले नाही. माझे मत आधीच सांगते: चालता येते, वाचता येते आणि स्वतःची अशी एखादी आवड आहे, अशा माणसाला बारा दिवसांत सात देश दाखवणाऱ्या बसमध्ये बसवू नये.

माझे बाबा मध्य रेल्वेत ड्रायव्हर होते. आमचे बालपण इगतपुरीच्या रेल्वे कॉलनीत गेले. कसारा ते इगतपुरी हा थळ घाट म्हणजे सदतीस फुटांना एक फूट चढ. तिथे गाडीला मागून बँकर इंजिने लावल्याशिवाय ती वर चढत नाही. बाबा असिस्टंट ड्रायव्हर म्हणून लागले तेव्हा त्यांना जुन्या 'खेकडा' इंजिनांवर काम करायला मिळाले. १९२८ च्या सुमारास जी.आय.पी. रेल्वेने, म्हणजे मध्य रेल्वेच्या आधीच्या कंपनीने, ही विजेची इंजिने घाटातील मालगाड्यांसाठी आणली. त्यांतील सुरुवातीची काही स्वित्झर्लंडमधील विंटरथूर येथील कारखान्यात बनली होती, आणि त्यांच्यावरील पट्टीवर त्या गावाचे नाव होते. बाबांनी ते नाव आम्हा भावंडांना इतक्या वेळा सांगितले होते की नकाशात मुंबईनंतर आम्हाला सापडलेले दुसरे गाव विंटरथूर असावे.

दादाने आईबाबांना टूरवर पाठवले ते प्रेमानेच, त्यात मला कधीच शंका नव्हती. वहिनीच्या आग्रहावरून मीही सोबत गेले. जर्मनीच्या बाजूने येताना बस ऱ्हाइन नदीच्या धबधब्याजवळ थांबली आणि मग झुरिकच्या रस्त्याला लागली. वाटेत हायवेवर विंटरथूरची पाटी दिसली. बाबा जागेवरून उठले आणि खिडकीला हात लावून उभे राहिले. त्यांनी टूर मॅनेजरला फार नम्रपणे विचारले की अर्धा तास थांबता येईल का. मॅनेजर म्हणाला की ड्रायव्हरचे तास संपत आले आहेत. ते खरेही असणार, कारण युरोपात बसच्या ड्रायव्हरला साडेचार तास गाडी चालवल्यावर पाऊण तासाची विश्रांती घ्यावीच लागते आणि दिवसाच्या तासांनाही मर्यादा आहे. 'ड्युटीचे तास' हे शब्द ऐकल्याबरोबर बाबा खाली बसले. आयुष्यभर त्याच तासांवर जगलेल्या माणसाला यावर काय बोलायचे असणार? पाटी मागे गेली. रात्री हॉटेलमध्ये त्यांनी एकदाच विचारले, ते गाव पुन्हा वाटेत लागणार का.

युंगफ्राउयोख या आल्प्समधील उंच खिंडीतल्या स्टेशनाला जातानाही तसेच झाले. क्लाइने शायडेक या २०६१ मीटर उंचीवरील स्टेशनात दोन वेगवेगळ्या रुंदीचे रूळ एकत्र येतात: खालून येणारी गाडी ८० सेंटिमीटरच्या रुळांवर धावते, वर जाणारी एक मीटरच्या, म्हणून सगळ्यांना तिथे गाडी बदलावीच लागते. वरची रेल्वे १९१२ साली पूर्ण झाली. ती सुरुवातीपासून विजेवर चालते, काही ठिकाणी चार फुटांना एक फूट चढते, आणि उतरणाऱ्या गाड्या वीज परत तारेत सोडतात. घाटात नोकरी केलेल्या माणसाला याहून मोठे तीर्थ कोणते? आम्हाला क्लाइने शायडेकला जेमतेम सात-आठ मिनिटे मिळाली आणि ती माणसे मोजण्यात गेली.

त्यानंतर तीन वर्षे मी आणि दादा याच विषयावर वाद घालत होतो. तो म्हणे, सुखरूप गेले, सुखरूप आले, आणखी काय हवे? मी म्हणे, ज्यांनी चाळीस वाघिणींची मालगाडी काळोख्या पावसात घाटातून नेली, त्यांना आपण रांगेत उभे करून मोजले.

जून २०१९ मध्ये मी दोघांना स्वतः आखून घेऊन गेले. एकच देश ठरवला, बारा दिवस. त्यांतले सहा मुक्काम युंगफ्राउयोखच्या पायथ्याकडील लाउटरब्रुनेन या गावी स्वयंपाकघर असलेल्या घरात, म्हणजे आईला सकाळी मेतकूट-भात करता येईल. रेल्वे, बस आणि बोटींसाठी स्विस ट्रॅव्हल पास काढला. तो त्या बाजूला वेंगेन या गावापर्यंत पूर्ण चालतो आणि पुढे युंगफ्राउयोखपर्यंत तिकिटावर २५ टक्के सवलत मिळते. स्वित्झर्लंडच्या स्टेशनांवर तेव्हा सुटणाऱ्या गाड्यांचे वेळापत्रक पिवळ्या कागदावर आणि येणाऱ्यांचे पांढऱ्यावर लावलेले असे. बाबांना हे पहिल्याच दिवशी कळले आणि तिसऱ्या दिवसापासून कोणती गाडी पकडायची हे तेच वहीत लिहून ठेवू लागले. बहात्तर वर्षांचे होते. 'त्यांना काही जमायचे नाही' याला माझे उत्तर म्हणजे ती वही.

विंटरथूरला आम्ही तीन तास होतो. पाहण्यासारखे तिथे फारसे काही उरलेले नाही. स्टेशनालगतच्या जुन्या कारखान्यांच्या परिसरात आता घरे आहेत, कार्यालये आहेत, विद्यार्थी येतात-जातात. बाबा एका विटांच्या भिंतीजवळ बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "इथून निघाली, मुंबई बंदरात उतरली, आणि आम्ही कसाऱ्याला गाडीला जोडली." बाकी काही बोलले नाहीत. टूरच्या कोणत्याही कार्यक्रमात हे गाव येणार नाही आणि यायचे कारणही नाही, कारण चाळीसपैकी एकोणचाळीस माणसांना त्याच्याशी काही देणेघेणे नसते. आपल्या वडिलांचे किंवा आईचे असे एखादे विंटरथूर आहे का, ते आधी विचारा. असेल तर निर्णय झालाच आहे.

आता ज्या गोष्टी दादाच्या बाजूने जातात, त्या सांगायलाच हव्यात. इंटरलाकेनहून निघणारी गाडी त्स्वाइल्यूचिनेन स्टेशनात तुटून दोन होते. एक भाग लाउटरब्रुनेनला जातो, दुसरा ग्रिंडेलवाल्डला. दुसऱ्याच संध्याकाळी आम्ही चुकीच्या भागात बसलो, कारण मी डब्यावरची पाटी वाचली नव्हती. बाबांना डबे सुटताना पाहायला मिळाले म्हणून ते खूश होते, पण परतीची गाडी पकडून मुक्कामी पोचेपर्यंत अंधार पडू लागला आणि आई घाबरून रडली. टूरमध्ये असे झाले नसते, हे ती म्हणाली आणि ते बरोबर होते. स्वतः गेल्यावर स्वस्त पडते असे मी तीन वर्षे सांगत होते, तेही खरे निघाले नाही. कंपनीला घाऊक दर मिळतात, त्यामुळे रोजचा खर्च आम्हालाच जास्त आला.

व्हिसाचे कामही स्वतःच करावे लागते. शेंगेन व्हिसाचा, म्हणजे युरोपातील बहुतेक देशांत चालणाऱ्या एकाच व्हिसाचा, अर्ज प्रवासाआधी सहा महिन्यांपासून करता येतो. जिथे सर्वांत जास्त मुक्काम असेल त्याच देशाकडे तो करावा, आणि किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा, मुक्कामांची आरक्षणे, बँकेची विवरणे व आयकर विवरणपत्रे तयार ठेवावीत. टूर घेतलीत, तर पॅकेजच्या रकमेवर टीसीएस, म्हणजे कंपनीने आपल्याकडून आगाऊ घेतलेला आयकर, आकारला जातो. तो वडिलांच्या नावावर आकारला गेला, तर त्यांना विवरणपत्र भरूनच परत मिळवावा लागेल. आणखी एक, डिसेंबर २०२० पासून ग्रिंडेलवाल्डहून युंगफ्राउयोखच्या वाटेवरील आयगरग्लेचर स्टेशनापर्यंत पंधरा मिनिटांत नेणारा रोपवे सुरू झाला आहे. त्या वाटेने गेलात, तर क्लाइने शायडेक लागतच नाही. म्हणून टूर घेणारच असाल, तर कोणत्या वाटेने नेणार हे लेखी विचारून घ्या.

गुडघे दुखत असतील, सोबत येणाऱ्या मुलाला किंवा मुलीला रजा मिळत नसेल, किंवा अनोळखी ठिकाणी जीव घाबरा होत असेल, तर टूर घ्यावी, पण दोनच देशांची. आणि आईला वडिलांपासून वेगळे बसवून विचारा. आमच्याकडे मी ते केले नव्हते. आईला ती २०१६ ची टूर मनापासून आवडली होती: सकाळी आयता नाश्ता, बसमध्ये मराठी बोलणाऱ्या बायका, संध्याकाळी वरण-भात, आणि आयुष्यात पहिल्यांदा कोणतीही वेळ सांभाळायची नाही. विंटरथूरला ती तीन तास स्टेशनबाहेरच्या बाकावर बसून होती. टूरमधल्या दोघींशी ती आजही दर आठवड्याला फोनवर बोलते. माझ्या आखलेल्या प्रवासात तिला असे कोणी भेटले नाही.