रस्त्यावरून घरं बघताना : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात संध्याकाळी पायी फिरताना जुनी घरं बघण्याच्या नादाबद्दल लिहिलं होतं, त्यावर एवढी पत्रं आणि मेसेज आलेत की सगळ्यांना उत्तर देणं शक्यच नाही. त्यातले काही प्रश्न इथे घेतेय.

प्रश्न : ताई, आम्ही नोकरीसाठी नागपूरहून पुण्यात आलोय, सदाशिव पेठेत भाड्याने राहतो. आजूबाजूला वाडे आहेत पण दारं बंद, आत कोण सोडणार! आणि बाहेरून सगळे सारखेच वाटतात. नेमकं बघायचं काय?

आधी एक करा, वाड्याला चिकटून चालू नका, समोरच्या बाजूने चाला. चिकटून गेलात तर लाइटचे मीटर, केबलींचं जंजाळ आणि क्लासेसचा फ्लेक्स एवढंच दिसणार. समोरून बघितलं की कळतं खाली दगडी जोतं आहे, त्याच्यावर विटांची भिंत आणि वरच्या मजल्याला लाकडाचा सांगाडा, म्हणजे जसजसं वर जावं तसतसं घर हलकं होत जातं. खिडक्यांचंही तेच, तळमजल्यावर रस्त्याकडे जवळजवळ नाहीतच, असल्या तर लहान आणि गजांच्या, आणि वर मात्र ओळीने महिरपी. खाली चोराचिलटांची भीती, वर वारा हवा, हिशोब साधा आहे.

मग दार बघा. दार म्हणजे नुसती मोठी फळी नाही, त्या मोठ्या दारात एक छोटं दार असतं ती दिंडी, रोजची जा-ये तिथून, वाकूनच आत शिरायचं. चौकटीच्या वरच्या पट्टीवर मधोमध गणपती असतो, बऱ्याच ठिकाणी ऑइलपेंटचे इतके थर चढलेत की सोंड कुठे आणि हात कुठे ते शोधावं लागतं (लाकडावर ऑइलपेंट फासणाऱ्यांवर मला एकदा स्वतंत्र लेख लिहायचाय, असो). दिंडी उघडी असेल तर रस्त्यावरूनच देवडी दिसते, पूर्वी पहारेकरी बसायचा तिथे आता स्कूटर उभी, आणि पलीकडे चौकातला उजेड. तिथे ओसरीचा एखादा खांब दिसला तर त्याचा पाय बघा. लाकडी खांब थेट जमिनीत कधीच पुरत नाहीत, खाली दगडाचा तळखडा असतो, जमिनीची ओल लाकडात चढू नये म्हणून. वरच्या टोकाला कोरीव काम, केळफूल वगैरे, ते हौसेचं, पण खालचा दगड मात्र अकलेचा. मला विचाराल तर मी आधी दगडच बघते.

सारखे वाटतात म्हणालात, तर एकदा बाजीराव रोडवर विश्रामबाग वाड्यासमोरच्या फुटपाथवर निवांत उभे राहा. दुसऱ्या बाजीरावाने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेला, पेशवाई गेल्यावर १८२१ साली इंग्रजांनी तिथे संस्कृत पाठशाळा काढली. सुरूच्या झाडासारखे निमुळते सागवानी खांब आणि केळफुलं, सगळं एका नजरेत मिळतं आणि मग गल्लीतल्या साध्या वाड्यात त्याचाच गरिबाघरचा अवतार ओळखता यायला लागतो. तिथून पायी अंतरावर राजा केळकर संग्रहालय आहे, जुनी कोरीव दारं-खिडक्या तिथे हातभर अंतरावरून बघता येतात आणि कोणी 'काय पाहिजे?' म्हणून विचारत नाही.

प्रश्न : राजापूरजवळच्या आमच्या घराची कौलं उतरवली तर मागच्या बाजूला इंग्रजीत बासेल मिशन आणि १८६५ असा छाप निघाला. म्हणजे घर १८६५ चं आहे ना? काका म्हणतात तसंच, पण माझा विश्वास बसत नाहीये.

काकांना नाराज करायची इच्छा नाही, पण नाही हो. १८६५ हे कारखान्याचं जन्मसाल. बासेल मिशन म्हणजे स्वित्झर्लंडमधल्या बासेल गावची मिशनरी संस्था, तिने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला तो १८६५ मध्ये आणि नंतरही कौलांवर तेच साल छापत राहिले, लोणच्याच्या बाटलीवर 'स्थापना अमुक साल' असतं तसंच. पहिल्या महायुद्धात जर्मन संबंधांमुळे ब्रिटिशांनी मिशनचे कारखाने ताब्यात घेतले आणि पुढे ते कॉमनवेल्थ ट्रस्ट नावाच्या कंपनीकडे गेले. त्यामुळे बासेल मिशनचा छाप असलेलं कौल साधारण त्या युद्धाच्या आधीचं, म्हणजे शंभरी ओलांडलेलं, एवढं नक्की धरा.

आता कौल तेवढं जुनं म्हणून घर तेवढंच जुनं असंही नाही, दोन्ही बाजूंनी चुकू शकतं. कोकणात आधी नळीची कौलं असायची, कुंभाराने हाताने केलेली, दर पावसाळ्याआधी घर शाकारायचं म्हणजे तीच फिरवायची आणि फुटकी बदलायची. मंगलोरी कौलं खाचेत खाच बसणारी, वजनाला हलकी, त्यामुळे लोकांनी जुन्या घरांवरची नळीची काढून ही चढवली. आणि उलट, पडलेल्या घराची चांगली कौलं नव्या घरावर जायची, कौल फेकून देण्याइतका उधळा माणूस कोकणात मी तरी पाहिलेला नाही. घराचं वय हवं असेल तर जांभ्याच्या भिंती कशात बांधल्यात बघा, माती, चुना की सिमेंट, आणि घरपट्टीचे, वाटणीचे जुने कागद काढा. कौलं मात्र जपून ठेवा, परत चढवता येतात.

प्रश्न : पणजीला फोंतेन्यासमध्ये फिरत होतो, एका पिवळ्या घरासमोर बायकोचा फोटो काढला तर खिडकीतून एक आजी जाम ओरडल्या. रस्ता सार्वजनिक आहे ना? आम्ही काय चोरी केली?

चोरी नाही केलीत. पण त्या आजींच्या दारात सकाळपासून तुमच्या आधी किती जण पोज देऊन गेले असतील विचार करा, कोणी त्यांच्या पायऱ्यांवर बसलं असेल, कोणी कुंडी सरकवली असेल, प्रीवेडिंगवाले तर कपडे बदलायला आडोसा शोधतात. तिथल्या रहिवाशांनी घरांवर फोटो काढू नका असे बोर्ड लावलेत ते उगाच नाही. माझा नियम असा की अख्ख्या गल्लीचा फोटो खुशाल काढावा, पण एकाच घराचा काढायचा तर घरातलं माणूस दिसत असेल तर विचारावं, आणि उघड्या खिडकीच्या आत कॅमेरा कधीच नाही. नुसतं 'घर सुंदर ठेवलंय हो तुम्ही' म्हटलं तरी निम्म्या वेळा माणूस गप्पा मारायला लागतो.

आणि फोटोच्या नादात बघायचं राहून जातं ते वेगळंच. पणजी अधिकृत राजधानी झाली १८४३ मध्ये, त्याच्या आगेमागे ही वस्ती वाढली, सेंट सेबॅस्टियनचं छोटं चॅपेल १८१८ चं. पांढरा रंग चर्चसाठी राखीव आणि घरांनी दर पावसाळ्यानंतर रंग काढायचा असा पोर्तुगीज काळातला दंडक होता असं तिथे सांगतात, म्हणून ती पिवळी, निळी, गेरूच्या लाल रंगाची घरं आणि कडेला पांढरी किनार. पुढच्या वेळी जुन्या खिडक्यांच्या तावदानांकडे बघा, काही ठिकाणी काचेऐवजी चपट्या शिंपल्यांचे तुकडे लाकडी पट्ट्यांत बसवलेले अजून सापडतात, उजेड आत येतो पण डोळ्यावर येत नाही. ते मोबाइलच्या फोटोत धड येतच नाही.

प्रश्न : एवढे सुंदर वाडे मालक लोक पडू देतात, चीड येते. डागडुजी करायला काय होतं यांना?

पैसे होतात! १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने जुनी भाडी गोठली, मूळ हिशोब १ सप्टेंबर १९४० च्या भाड्याचा. खोलीला महिना दहा-वीस रुपये येणाऱ्या मालकाने सागवानी तुळई बदलायची कशातून? १९९९ चा नवा कायदा वर्षाला चार टक्के वाढ देतो, म्हणजे वीस रुपयांचे वीस रुपये ऐंशी पैसे. भाडेकरूचीही बाजू आहे, तो पेठेतून उठला तर त्या पैशात पेठेत परत कुठे राहणार. वर मालक एक असेल तर ना, तीन पिढ्यांत वाटण्या होऊन एका चौकाचे ढीगभर वारस, त्यातला एक अमेरिकेत, दोघं एकमेकांशी बोलत नाहीत, कौलं चाळायला सुद्धा सगळ्यांचं एकमत लागतं. तोवर एक कौल सरकतं, पाणी मातीच्या भिंतीत उतरतं, तिथून तुळईच्या टोकात, मग वाळवी, मग निळी ताडपत्री. त्यात नदीकाठच्या पेठांमधले कितीतरी वाडे १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुरात एका दिवसात गेले, त्याचा दोष कुठल्या मालकाला देणार? चीड आली तर मालकावर काढू नका एवढंच म्हणेन. हां, धडधाकट वाडा पाडून वर त्याच वाड्याचं नाव सोनेरी अक्षरांत बिल्डिंगला देतात ना, त्यांच्यावर काढा, मी पण येते.

प्रश्न : मुंबईत राहतो. आठ आणि अकरा वर्षांची मुलं जुनी घरं म्हटलं की तोंड वाकडं करतात. कुठे नेऊ?

चर्चगेटला. इरॉस थिएटरपासून ओव्हल मैदानाच्या कडेकडेने चाला आणि त्यांना सांगा इमारतींमध्ये बोटी लपल्यात, शोधा. डेकसारखे कठडे, गोल खिडक्या, कोपरा वळवून घेतलेल्या बाल्कन्या, १९३० च्या दशकातल्या आर्ट डेको, म्हणजे त्या काळच्या नव्या शैलीत बांधणाऱ्यांना आगबोटींचं भारी वेड होतं. इमारतींच्या नावांची अक्षरं पण बघायला लावा, एकेकीची तऱ्हा वेगळी. मैदानाच्या पलीकडे हायकोर्ट, राजाबाई टॉवर, तिकडे दगडात कोरलेले प्राणी-पक्षी शोधायचे. दोन्ही बाजू मिळून २०१८ पासून जागतिक वारसा आहेत, पण ते मुलांना आधी सांगू नका, शाळेतला धडा वाटेल. रविवारी सकाळी लवकर जा, गाड्या कमी असतात.