डेमो अटकतोय, डोकं दुखतंय, आणि म्हणून गेमच फालतू? थांब जरा

पोस्ट वाचली आणि हसूच आलं, कारण 2021 च्या मे महिन्यात मी अगदी हेच लिहिलं असतं. तू म्हणतोस देवगडला आहेस, एका भयाण वातावरणाच्या फर्स्ट पर्सन शूटरचा (नायकाच्या डोळ्यांनी बघत गोळ्या झाडायचा गेम) डेमो, म्हणजे विकत घेण्याआधीचा नमुना, खेळलास, सगळं काळंकुट्ट, मान वळवली की चित्र अटकतं, वीस मिनिटांत मळमळायला लागलं, "लोक ज्या वातावरणाचं कौतुक करतात ते मला दिसलंच नाही, लॅपटॉपचं ग्राफिक कार्ड गेलंय का, दुकानात नेऊ का?" डेमोचं नाव मात्र लिहिलं नाहीस बाबा.

नेऊ नकोस. निदान आज तरी नको.

माझा डेमो होता रेसिडेंट ईव्हिल व्हिलेजचा. शुद्ध शूटर नाही तो, भीतीचा गेम, पण बंदूक हातात आणि सगळं नायकाच्या डोळ्यांनी. डेमोला 60 मिनिटांची मर्यादा होती आणि त्यातली निम्मी मी सेटिंगमध्येच घालवली. पंधरा-सोळा एफपीएस (सेकंदाला दिसणारी चित्रं) मिळत होते, मग रिझोल्यूशन, म्हणजे चित्राची बारकाई, 720 वर आणलं, त्यामुळे बर्फ आणि धुकं म्हणजे नुसता चिखल झाला, मग दिसत नाही म्हणून ब्राइटनेस पूर्ण चढवला आणि उरलीसुरली भीतीही गेली. वर डोक्यावर पंखा घरघरतोय आणि मी लॅपटॉपच्या स्पीकरवर ऐकतोय. अशा गेममध्ये निम्मं काम आवाज करतो रे. मेट्रो 2033 या गेममध्ये मास्कच्या आतला श्वास आणि मनगटावरचं घड्याळ हेच तुला घाबरवतं. 2005 च्या फिअर या गेमच्या डेमोत शत्रू एकमेकांना ओरडून सांगतात तू कुठे आहेस ते, मी तो पहिल्यांदा हेडफोन लावून खेळलो तेव्हा मागे वळून पडवीचं दार बघितलं होतं. असो.

आता मूळ घोळ. तरीही 7 मे ला गेम आला तसा घेतला, वाटलं डेमोतच काहीतरी गडबड असेल. तेच रडगाणं. मग तौक्ते वादळ आलं, लाईट गेली, आणि लाईट आल्यावर लॅपटॉप उचलून चिपळूणला एका सर्व्हिस सेंटरला दिला. नाव घेत नाही. लॉकडाऊनमुळे अर्धं शटर खाली. त्याने पाच मिनिटं बघून सांगितलं, ग्राफिक कार्ड गेलं, बोर्डावर काम करावं लागेल, साडेनऊ हजार. मी म्हटलं करा. पावतीवर फक्त "लॅपटॉप 1 नग". फोन केला की "पार्ट मुंबईहून यायचाय". चोवीस दिवसांनी मिळाला, डिस्क फॉरमॅट करून. भाचीच्या बारशाचे फोटो गेले. पण गेम मख्खन चालला, म्हणून गप्प बसलो. नशीब जूनमध्येच आणला, 22 जुलैच्या पुरात त्या बाजारपेठेत काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे.

खरी गोष्ट कळली पुढच्या पावसाळ्यात. आम्ही दापोलीकडचे. 2020 ला 3 जूनला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्याकडे वीस-बावीस दिवस लाईट नव्हती, शेजाऱ्यांच्या जनरेटरवर लॅपटॉप चार्ज करून आणायचो, तेव्हा बॅटरी पुरावी म्हणून मी एनव्हिडियाच्या (ग्राफिक कार्डाची कंपनी) कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन सगळं काम इंटिग्रेटेड ग्राफिक्सवर, म्हणजे प्रोसेसरमधल्याच कमी ताकदीच्या ग्राफिक्सवर, टाकलं होतं आणि साफ विसरलो होतो. 2022 ला परत लाईट गेली म्हणून परत तेच केलं, दुसऱ्या दिवशी गेम उघडला, आणि तेच पंधरा-सोळा एफपीएस! काही क्षण नुसता बसून राहिलो. म्हणजे कार्ड कधी गेलंच नव्हतं. फॉरमॅट मारल्यामुळे माझं सेटिंग उडालं, आणि त्या माणसाने बोर्डावर नेमकं काय केलं ते देवालाच ठाऊक. साडेनऊ हजाराला फॉरमॅट. विचारायला गेलो तर म्हणे, "साहेब, चालतोय ना आता?"

खूण तेव्हाही समोर होती, गेम अटकत होता पण लॅपटॉप गरमच होत नव्हता. म्हणून आधी विंडोजचा टास्क मॅनेजर उघड, परफॉर्मन्समध्ये जीपीयू (ग्राफिक्सची चिप) 0 आणि जीपीयू 1 असे दोन दिसतील, गेम चालू असताना कुठला राबतोय ते बघ. चुकीचा, म्हणजे इंटिग्रेटेड असेल तर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ग्राफिक्समध्ये त्या गेमला हाय परफॉर्मन्स दे. डेमो आणि पूर्ण गेम या दोन वेगळ्या फाइली असतात, दोन्हींना वेगवेगळं द्यावं लागतं. आणि चार्जर लावूनच खेळ, बॅटरीवर बहुतेक लॅपटॉप कार्डाला मोकळं सोडत नाहीत.

मळमळीबद्दल, मी डॉक्टर नाही, पण मला मोशन ब्लर (हलताना चित्र पुसट होणं) आणि हेड बॉब (चालताना चित्र वर-खाली डुलणं) बंद केल्यावर बरं वाटलं, फिल्ड ऑफ व्ह्यू, म्हणजे एका वेळी दिसणारा कोन, वाढवता येत असेल तर 90 च्या आसपास ने. तरी त्रास झाला तर सोड, गेमसाठी उलट्या काढायची गरज नाही.

सगळं करून बघून दुकानात न्यायचाच असेल तर बिघाड काय ते लिहून घे, बदललेला जुना पार्ट परत माग, आणि फोटो आधी दुसरीकडे काढून ठेव. आणि विकत घेतलास तर स्टीमवर (गेम विकणारं ऑनलाइन दुकान) 14 दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलं असेल तरच पैसे परत मिळतात, पॉज करून जेवायला गेलास तर तेही खेळण्यात धरतात. माझे 14 दिवस लॅपटॉप चिपळूणला पडून असतानाच संपले.

तुझा लॅपटॉप वेगळा असेल, त्यामुळे माझंच खरं असं म्हणत नाही. टास्क मॅनेजरचा फोटो टाक, आणि त्या डेमोचं नाव लिही रे आधी.