नव्या घरातला नाताळ: एक पत्र

प्रिय मुली,

प्रभू येशूच्या नावात सलाम आणि तुम्हा तिघांना आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. पुण्यातल्या नव्या घरातला पहिला नाताळ, तू नगरच्या प्रॉटेस्टंट मंडळीत वाढलेली, यजमान वसईच्या कॅथॉलिक घरातले आणि लेकरू चार वर्षांचे. तेव्हा कोणत्या घरची रीत धरावी, आणि भेटवस्तू हातानेच करायच्या तर सुरुवात कुठून करावी, असे दोन प्रश्न तू विचारले आहेस. माझ्या दृष्टीने हे दोन प्रश्न वेगळे नाहीत. घरातल्या सगळ्यांचे हात ज्या कामाला लागतात ते काम पुढच्या वर्षी मुले आपण होऊन काढतात. बाजारातून आणून एकाच माणसाने मांडलेली गोष्ट तो माणूस थकला की बंद पडते. म्हणून या पत्रात मी तुला कामेच सांगणार आहे. गणपती नुकतेच गेले आहेत, म्हणजे वेळही अगदी योग्य आहे.

रीत मोठी असावी लागत नाही. ती घरातल्या एखाद्या खऱ्या गरजेतून निघालेली असावी. जर्मनीतल्या हँबुर्गजवळ योहान हिन्रिख विखर्न हे धर्मशिक्षक निराधार मुलांसाठी आश्रम चालवत असत. नाताळ किती दिवसांवर आला, हे मुले त्यांना सारखी विचारीत. १८३९ साली त्यांनी गाडीच्या एका जुन्या चाकावर मेणबत्त्या बसवल्या, आठवड्याच्या दिवसांसाठी लहान तांबड्या आणि आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या, चार रविवारांसाठी मोठ्या पांढऱ्या, आणि रोज एक वाढवून लावण्याचा क्रम ठेवला. आज जगभरच्या चर्चमध्ये चार मेणबत्त्यांचे जे हिरवे चक्र दिसते, त्याचे मूळ या चाकात आहे. चार वर्षांच्या मुलाला ‘अजून तीन आठवडे’ म्हणजे किती, हे समजत नाही, पण आज दुसरी मेणबत्ती लागली आणि दोन उरल्या, हे त्याला चांगले समजते. तुझ्या घरी याच चक्रापासून सुरुवात कर. पितळी परात, थोडी वाळू, चार साध्या मेणबत्त्या आणि बाजूने आंब्याची किंवा अशोकाची पाने एवढ्यावर भागते. मेणबत्ती तुम्ही दोघांनी लावावी, विझवण्याचे काम मात्र मुलाचे असावे, तुमच्या देखरेखीखाली आणि दर रविवारी न चुकता.

आता दोन घरांच्या रीतींविषयी. दोन्हीकडचे सगळेच करू नकोस. मी अशी कितीतरी नवी घरे पाहिली आहेत, जिथे सासर आणि माहेर दोघांनाही वाईट वाटू नये म्हणून सून डिसेंबरभर राबते आणि पंचवीस तारखेला तिला बसून जेवण्याचेही त्राण उरत नाही. वसईकडून एक गोष्ट घे, नगरकडून एक घे, आणि एक तुमच्या तिघांची असू दे. वसईकडून गोठा, म्हणजे येशूजन्माचा देखावा, घ्यावा, असे मी सुचवते. तिथल्या गावागावांतून तरुण मंडळी रात्र-रात्र जागून मोठमोठे देखावे उभारतात आणि तुझ्या यजमानांचे हात त्या कामाला लहानपणापासून सरावलेले असणार. नगरकडून भजन घे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी मराठी ख्रिस्ती उपासनेत भजन आणि कीर्तन रुजवले, आणि आपल्या मंडळीत नाताळच्या पदांना टाळ-पेटीची साथ आजही असते. चोवीस तारखेच्या संध्याकाळी, चर्चमधल्या मध्यरात्रीच्या मिस्साला, म्हणजे उपासनेला, निघण्यापूर्वी, गोठ्यापुढे बसून तुला पाठ असलेले एकच पद तिघांनी म्हणावे. पेटी नसली तरी अडत नाही.

गोठ्याच्या बाबतीत थोडे सविस्तर लिहिते, कारण मुलाला कामाची गोडी लावायला याहून चांगली संधी नाही. १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो या गावी असिसीच्या संत फ्रान्सिस यांनी गव्हाण, वाळलेले गवत, एक बैल आणि एक गाढव एवढ्यावर नाताळचा प्रसंग उभा केला. तेव्हा तुमच्या घरी पहिल्या वर्षी गव्हाण, बाळ, मारिया, योसेफ, एक गाय आणि दोन मेंढरे झाली तरी गोठा पुरा झाला असे समजावे. मूर्ती विकत आणू नकोस. सध्या पुण्यात शाडूची माती मूर्तिकारांकडे उरलेली असते. दोन-तीन किलो आणून ठेव. माती मळताना पाणी थोडे-थोडे घाल आणि ती कणकेपेक्षा किंचित घट्ट ठेव. मूर्ती आठ-दहा सेंटिमीटरहून उंच नसावी आणि तिला मान, हात किंवा पाय असे बारीक सुटे अवयव काढू नयेत, कारण न भाजलेली शाडू वाळल्यावर तिथेच तुटते. मारियेचा पदर थेट जमिनीपर्यंत आणावा, योसेफाचे हात छातीशी जोडावेत, मेंढरू पाय पोटाशी घेऊन बसलेले असावे, म्हणजे प्रत्येक मूर्ती बुंध्याला जाड राहते. वाळवताना उन्हात ठेवलीस तर तडे जातील. चार-पाच दिवस सावलीत वाळू दे आणि मधून-मधून फिरव. मग पोस्टर रंग. मुलाने केलेले मेंढरू मेंढरासारखे दिसले नाही तरी ते दुरुस्त करू नकोस. त्याच्या बोटांचे ठसे तसेच राहू देत, आणि खाली खिळ्याने साल कोरून ठेव. पुढच्या वर्षी बाळ येशूच्या दर्शनाला आलेले तीन राजे करा, त्यापुढे उंट. दरवर्षी एक-दोन मूर्तींची भर पडत गेली की मूल मोठे होताना गोठाही वाढत जातो.

बाळाची मूर्ती चोवीस तारखेच्या रात्रीपर्यंत गव्हाणीत ठेवायची नाही, ती मुलानेच ठेवायची. तीन राजे झाल्यावर त्यांना घराच्या दुसऱ्या टोकाला, खिडकीच्या कट्ट्यावर उभे करावे आणि रोज थोडे पुढे सरकवत ६ जानेवारीला, तीन राजांच्या सणाच्या दिवशी, गोठ्यापाशी पोहोचवावे. हे काम चार वर्षांच्या मुलाचेच आहे आणि त्यात मोठ्यांनी हात घालू नये.

गोठ्याभोवतीच्या हिरवळीसाठी गहू पेर. गोव्यात यासाठी नाचणी पेरण्याची पद्धत आहे आणि फ्रान्सच्या प्रोव्हान्स भागात ४ डिसेंबरला, संत बार्बराच्या दिवशी, तीन बशांत गहू भिजत घालतात. तुला तर हे शिकवायलाच नको, कारण नगरला शेजारच्या घरी नवरात्रात घट बसवताना तू ते पाहतच वाढलीस. रात्रभर भिजवलेला गहू मातीच्या पसरट भांड्यात दाट पेरायचा, वर बोटभर माती, आणि पाण्याचा नुसता शिडकावा. घटातला गहू अंधारात पिवळट वाढतो. गोठ्यासाठी तो हिरवा हवा, म्हणून कोंब दिसताच भांडे उजेडात ठेवावे. पुण्यातल्या थंडीत तो हळू वाढतो, तेव्हा १० डिसेंबरच्या सुमारास पेरलास तर बरोबर होईल.

तुमच्या तिघांची म्हणून जी रीत ठेवायची, ती ताऱ्याची असावी असे मला वाटते. आकाशकंदील करणाऱ्या माणसाला ताऱ्याचे काम अवघड नाही. बांबूच्या साठ सेंटिमीटर लांबीच्या दहा कामट्या घे. त्या तासून इतक्या बारीक कर की वाकवल्या तर वाकतील पण मोडणार नाहीत. पाच कामट्यांचा एक पंचकोनी तारा आणि उरलेल्या पाचांचा दुसरा. प्रत्येक टोक सुतळीने नव्हे, मेणाच्या दोऱ्याने बांध, कारण सुतळीची गाठ जाड होते आणि कागद तिथे फुगतो. मग दोन्ही तारे एकमेकांवर ठेवून फक्त पाच टोकांना जोड. मधे कामट्या जिथे एकमेकींना छेदतात तिथे पाच जागा मिळतील. त्या प्रत्येक ठिकाणी दोन ताऱ्यांच्या मधे दहा सेंटिमीटरची एक आडकाठी बसव. पहिली बसवताना सगळा सांगाडा वेडावाकडा होतो आणि तुला वाटेल की चुकले. पाचवी बसली की तो आपोआप सरळ होतो. कागदाचे तुकडे मोजून कापावेत: समोर पाच त्रिकोण, मागे पाच, दोन पंचकोन आणि कडेचे दहा अरुंद त्रिकोण, असे बावीस. पतंगाचा कागद आणि मैद्याची खळ वापर. खळीत चिमूटभर तुरटी टाकलीस तर ती लवकर आंबत नाही. मागचा पंचकोन तीनच बाजूंनी चिकटव, म्हणजे आतला दिवा बदलता येतो. दिवा तीन ते पाच वॉटचा एलईडी असावा. जुन्या पद्धतीच्या तापणाऱ्या बल्बने कागद करपतो. जर्मनीतल्या मोरावियन पंथाच्या शाळांत एकोणिसाव्या शतकात मुलांकडून भूमितीचा अभ्यास म्हणून असे अनेक टोकांचे कागदी तारे करवून घेत असत. सांगाडा जपून ठेवावा, कागद दरवर्षी नवा लावावा, आणि रंग कोणता हे दरवर्षी वेगळ्या माणसाने ठरवावे.

फराळाविषयी तू फार काळजी करू नकोस. करंज्या आणि शंकरपाळे तुला येतात. सासूबाईंकडून एखादा पदार्थ शिकायचा असेल तर कलकल हा तळलेला गोड पदार्थ शीक, कारण काट्याच्या किंवा नव्या फणीच्या पाठीवर पिठाची गोळी दाबून वळवणे हे चार माणसांनी बसून गप्पा मारत करण्याचे काम आहे आणि एकट्याने ते कंटाळवाणे होते. बाकीचे विकत आणले तरी चालेल.

आता भेटवस्तूंकडे येते. हाताने केलेली वस्तू स्वस्त पडते असे समजून या वाटेला जाऊ नये. चांगली लोकर, चांगला दोरा आणि मुख्य म्हणजे तुझा वेळ यांची किंमत बाजारच्या वस्तूपेक्षा अनेकदा जास्तच होते. म्हणून वीस जणांची यादी फाडून टाक आणि चार जणांची कर. त्या चौघांच्या नावापुढे काय द्यायचे ते लगेच लिहू नकोस. आधी त्यांचा दिवस कसा जातो, कोणती वस्तू ते रोज हातात घेतात आणि कशाची त्यांना अडचण होते, एवढे लिही. वस्तू त्यातून सुचते. तुझ्या वडिलांना पहाटे प्रार्थनेला बसताना गुडघ्यांना गारवा लागतो, असे तू मागे लिहिले होतेस. त्यांच्यासाठी जुन्या सुती लुगड्यांची, बसल्यावर पायांवर घेता येईल एवढीच लहान गोधडी शीव. मधे दोन-तीन थर, कडेपासून आत येत जाणारा धावदोरा आणि पांढरा जाड दोरा. रोज अर्धा तास बसलीस तर आज सुरू केलेली गोधडी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात हातावेगळी होईल. आईचे जुने लुगडे मिळाले तर तेच वरच्या थराला लाव.

शेजाऱ्यांसाठी पेराद, म्हणजे पेरूच्या गोड वड्या, करावी. थंडीत पेरू भरपूर आणि स्वस्त असतात. पिकलेले पेरू वाफवून गर चाळणीतून काढायचा, म्हणजे बिया मागे राहतात. गराच्या वजनाइतकी साखर आणि लिंबाचा रस घालून जाड बुडाच्या पातेल्यात मंद आंचेवर सतत ढवळायचे, आणि गोळा कडा सोडू लागला की तूप लावलेल्या ताटात थापायचा. हे मिश्रण हातावर उडून भाजते, म्हणून लांब दांड्याचा उलथना घे आणि मुलाला त्या वेळी स्वयंपाकघरात येऊ देऊ नकोस. वड्या बटर पेपरमध्ये गुंडाळून दे. त्या बरेच दिवस टिकतात, त्यामुळे हे काम डिसेंबरच्या मध्यावर उरकता येते.

उरल्या तुझ्या सासूबाई, आणि तुझी खरी धास्ती त्यांच्या भेटवस्तूचीच आहे, हे पत्रावरून कळते. त्या स्वतः उत्तम विणकाम करतात, तेव्हा त्यांना विणलेले काही देऊ नकोस. ऑक्टोबरच्या सुट्टीत वसईला जाशील तेव्हा त्यांच्या शेजारी बसून त्यांच्या हातचे पदार्थ त्या सांगतील तसे लिहून घे, त्यांच्याच बोलीत आणि त्यांच्याच मापांत. ‘वाटीभर’चे ग्रॅम करू नकोस, कोणती वाटी ते विचार. घरी आल्यावर ते चांगल्या कागदावर सुवाच्य अक्षरात उतरव. चार-चार पाने दुमडून त्यांच्या घड्या कर, घडीच्या रेषेवर पाच भोके पाडून मेणाच्या दोऱ्याने शीव आणि पुठ्ठ्यावर जुन्या लुगड्याचे कापड चढव. प्रत्येक पदार्थासमोरचे पान कोरे सोड, कारण वाचताना त्यांना काहीतरी आठवणारच आणि ते लिहायला जागा हवी. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांना बारीक अक्षर वाचायला त्रास होतो असे तू म्हणाली होतीस, म्हणून अक्षर मोठे काढ आणि शाई काळीच वापर.

ताऱ्यासाठी कामट्या हव्यात का, ते दिवाळीच्या आधी मला कळव. आमच्या इथला बुरूड कामट्या चांगल्या तासून देतो; येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर पाठवून देईन. यजमानांना सलाम, लेकराला पापा.

तुझी,
बाई